लठ्ठ मांजराएवढा धोंडा

युतोंगने मोबाइल टेबलावर ठेवला आणि ती शिडी धरायला गेली, इथेच सगळा घोटाळा झाला. शिडीवर वस्ती समितीच्या प्रमुख लुआनबाई चढल्या होत्या. 'सुसंस्कृत वस्ती, सुखी नागरिक' असा लाल कापडी फलक त्यांना कार्यालयाच्या दारावर लावायचा होता आणि तो दर वेळी 'सुसंस्कृत'च्या बाजूने खाली घसरत होता.

"डावीकडे घे गं पोरी!"

"बाई, मी शिडी धरलीय. फलक तुमच्याकडे आहे."

"मग शिडी डावीकडे घे!"

फलक सरळ होईपर्यंत बाईंचे दोन खिळे, एक शिवी आणि बराच वेळ खर्ची पडला. युतोंग टेबलाकडे परतली तेव्हा मोबाइल थरथरत होता. इमारतप्रमुखांच्या ग्रुपवर एकामागून एक उत्तरे येत होती. प्राप्त. प्राप्त. प्राप्त. तिने वर सरकवून आपण पाठवलेला मेसेज वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

गुआन युतोंग शेनयांगच्या एका विद्यापीठात राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. दोन महिन्यांच्या सरावासाठी तिला तिच्याच वस्तीच्या समितीत टाकले होते. विद्यापीठाच्या भाषेत याला 'जनतेच्या मुळाशी जाणे' म्हणत. मुळाशी पोचल्यावर तिला कळले की तिथे मुख्यतः ग्रुप असतात. कचऱ्याचा ग्रुप, गरम पाण्याच्या पाइपांचा ग्रुप, कुत्रेवाल्यांचा ग्रुप आणि या सगळ्यांच्या वर इमारतप्रमुखांचा ग्रुप. वर्गात प्राध्यापक सांगत की सत्ता वरून खाली वाहते. वाहताना ती कशी ऐकू येते हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते. ती 'प्राप्त, प्राप्त' अशी ऐकू येते. आणि 'प्राप्त' याचा अर्थ 'वाचले' असा नसतो. 'वाचले नाही म्हणून मला पकडू नका' असा असतो.

त्या गुरुवारी दुपारी तिला दोन मेसेज लिहायचे होते. पहिला लुआनबाईंनी सांगितलेला. सोमवारी वरच्या कार्यालयातले शांगसाहेब पाहणीला येणार होते आणि वस्तीत जिकडे पाहावे तिकडे कोबी होता. थंडीच्या तोंडावर अख्खे शेनयांग कोबी वाळवते. अंगणात, कठड्यांवर, सायकलींवर, मालक गावाला गेला असेल तर त्याच्या मोटारीच्या टपावरसुद्धा. हा देखावा सुसंस्कृत नाही असे वर ठरले होते. म्हणून युतोंगने लिहिले: 'उघड्यावरचा सर्व कोबी रविवारपर्यंत हलवणे. कसूर झाल्यास गाडी येऊन उचलून नेईल. कारण विचारू नये.'

दुसरा मेसेज घरचा होता, आणि तो जास्त महत्त्वाचा होता. तीन नंबर इमारतीखालच्या कठड्यावर युतोंगच्या आजीचे गड्डे वाळत होते. आजीने ते ट्रकभर कोबीतून एकेक दाबून, हुंगून, ट्रकवाल्याला रडकुंडीला आणून निवडले होते. जुनी बैठी चाळ पाडून त्यांना या इमारतीत आणले तेव्हा आजीने सोबत फक्त कोबी आंबवायचा मोठा रांजण आणला. रांजणातल्या कोबीवर ठेवायचा धोंडा मात्र सामान हलवणाऱ्यांनी वाटेत फेकून दिला. 'दगड आहे म्हणून फेकला,' म्हणाले. गेल्या वर्षी आजीने धोंड्याऐवजी पाण्याने भरलेली बादली ठेवली. ती कलंडली, कोबी सडला आणि नव्या वर्षाचे मोमो दुकानातल्या कोबीचे करावे लागले. आजीने एक खाल्ला आणि ताट सरकवून ठेवले. त्या रात्री ती जुन्या चाळीतल्या बायकांची नावे एकेक करून घेत बसली होती. यंदा रांजण भरायचाच, असे युतोंगने तेव्हाच मनाशी ठरवले होते.

"रविवारपर्यंत हलवायचा?" जेवताना आजी म्हणाली होती. "मग शनिवारी घालते रांजणात. पण धोंडा हवा. दागांगला सांग."

दागांग म्हणजे युतोंगचा चुलतभाऊ. तो हुन नदीच्या काठच्या गावात राहायचा आणि तीनचाकी टेम्पो चालवायचा. त्याला प्रेमाने सांगितले तर तो प्रेमाने विसरायचा. हुकूम सोडला की लगेच करायचा. त्यात दीड महिना समितीत घालवल्याने युतोंगच्या हातालाही वळण लागले होते. तिने लिहिले: 'शनिवारी सकाळी आठच्या आत एक धोंडा आणणे. नदीतला, गुळगुळीत, लठ्ठ मांजराएवढा जड. पांढरा ठिसूळ दगड चालणार नाही. गरम पाण्याने घासून आणणे. तेलकट हात लावू नयेत. सबब ऐकली जाणार नाही.'

हाच मेसेज आता इमारतप्रमुखांच्या ग्रुपवर झळकत होता. पाठवलेला मेसेज दोन मिनिटांत मागे घेता येतो, पण ती दोन मिनिटे शिडी डावीकडे घेण्यात गेली होती. सर्वांत आधी नेहमीप्रमाणे सात नंबरचे छीकाका: 'प्राप्त.' मग बाकीचे सोळा. मग, शिडीवरून उतरता उतरता, खुद्द लुआनबाई: 'प्राप्त. काटेकोर अंमल व्हावा.' आणि त्याखाली, एरवी या ग्रुपकडे ढुंकूनही न बघणाऱ्या शांगसाहेबांचा उभा अंगठा.

"बाई," युतोंग म्हणाली, "तो धोंड्याचा मेसेज..."

"पाहिला की. काटेकोर अंमल लिहिलंय मी."

"तो चुकून गेला. माझ्या भावाला पाठवायचा होता. आजीच्या रांजणासाठी."

लुआनबाईंनी चष्मा लावला आणि मोबाइल हातभर लांब धरला. आपण कशाचा काटेकोर अंमल करायला सांगितलाय हे त्या आत्ता पहिल्यांदाच वाचत होत्या, हे उघड होते.

"मांजराएवढा?" त्या म्हणाल्या.

"लठ्ठ."

"हं."

"मी लिहून टाकते ग्रुपवर, चूक झाली म्हणून."

"थांब! अंगठा दिसत नाही का तुला साहेबांचा?"

"पण त्यांनी वाचलंच नसेल."

"तेच तर! तू चूक म्हणालीस की पहिला प्रश्न, बाईंनी न वाचता अंमल कसा लिहिला? दुसरा प्रश्न, साहेबांनी न वाचता अंगठा कसा दाखवला? तिसरा प्रश्न येईपर्यंत तुझ्या सरावाच्या कागदावर शिक्का मारायला मी या खुर्चीत नसेन. एवढ्या जणांनी मंजूर केलेली गोष्ट चूक नसते, पोरी."

"मग आता काय करायचं?"

"आदेश तर निघाला," लुआनबाई खुर्चीत बसल्या. "आता हेतू शोधायचा."

युतोंगच्या पुस्तकात हा क्रम उलटा दिला होता. पण पुस्तक लिहिणाऱ्याने बहुधा वस्ती समितीत सराव केला नव्हता.

तेवढ्यात दारात छीकाका उभे राहिले. हे यंत्रांच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन. कारखाना बंद पडून वीस वर्षे झाली तरी काकांच्या अंगातली पाळी अजून सुटली नव्हती. त्यांच्या एका हातात ताणकाटा होता आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवी म्याव करत होती.

"बाई, आदेशात माप मोघम आहे," छीकाका म्हणाले. "लठ्ठ म्हणजे किती लठ्ठ? आमच्या दारातलं हे पिवळं मांजर प्रमाण धरू का?"

बाईंनी युतोंगकडे पाहिले. युतोंगने जमिनीकडे पाहिले.

"धरा," बाई म्हणाल्या.

काकांनी पिशवी ताणकाट्याला अडकवली, वजन वाचले आणि ग्रुपवर टाकले. लगेच बारा नंबरची हरकत आली: 'सदर मांजर लठ्ठ नसून गाभण आहे, त्यामुळे प्रमाण अन्यायकारक.' सात नंबरने उत्तर दिले की मांजर बोका आहे. बारा नंबरने पुरावा मागितला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बोक्याचे असे काही फोटो आले की ते सुसंस्कृत वस्तीत शोभणारे नव्हते. धोंडा माणशी की घरटी, भाडेकरूंनी आणायचा की घरमालकाने, लिफ्ट नसलेल्या इमारतींना सूट आहे का, असे प्रश्न रात्रीपर्यंत येत राहिले. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिले, 'घरटी एक. समजून घेऊन अंमल करावा.' कशासाठी, हे मात्र कोणीही विचारले नाही.

या धांदलीत लुआनबाई कोबीची गोष्ट साफ विसरल्या. युतोंग विसरली नव्हती. कोबी हलवायचा मेसेज ग्रुपवर आलेलाच नाही हे तिने पाहिले होते. तो मोबाइलमध्येच कुठेतरी अडकून राहिला असावा, असे तिने गृहीत धरले आणि खणून बघायच्या भानगडीत ती पडली नाही. बाईंना आठवण करून देणे तिचे कर्तव्य होते. पण आजीच्या गड्ड्यांना आणखी दोन उन्हे मिळाली असती, आणि धोंडे तर आता शेकड्यांनी येणार होते. त्यातला एखादा आजीला कोण नाही म्हणणार? युतोंग गप्प बसली. तिच्या आयुष्यातला हा पहिला राजकीय निर्णय.

शनिवारी सकाळी आठच्या आधीच समितीच्या अंगणात रांग लागली. कोणी बाबागाडीतून धोंडा आणला होता, कोणी खांद्यावर, कोणी नातवाच्या शाळेच्या दप्तरात. ज्यांना नदी लांब पडली त्यांनी फुलझाडे आणि पाळीव पक्षी विकणाऱ्या बाजारातून शोभेचे दगड विकत आणले. एका भाडेकरू तरुणाने धोंडा ऑनलाइन मागवला होता आणि तो पोचवणारा पोऱ्या खोके खाली टाकून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. नऊ नंबरच्या एका म्हाताऱ्याने दगडी सिंहाचे फक्त मुंडके आणले. कुठून, हे त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. मध्येच कोणीतरी पुडी सोडली की धोंड्यामागे दहा अंडी मिळणार आहेत. मग काही घरांतून दोन-दोन धोंडे आले.

छीकाका ताणकाटा घेऊन उभे होते. "हलका आहे. परत न्या."

"अहो, मांजर बारीक झालं असेल तुमचं!"

"प्रमाण बदलत नसतं. पुढचा!"

नवाच्या सुमाराला अंगणात धोंड्यांचा ढीग कंबरेएवढा झाला आणि लुआनबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला. हेतू काही सापडला नव्हता. तशात त्यांची नजर ढिगावरून सरकत पलीकडच्या कठड्यांवर गेली, आणि त्या किंचाळल्या.

"कोबी! अगं कोबी तसाच आहे सगळा! तू मेसेज पाठवला नाहीस?"

"गेला नसेल बाई," युतोंग म्हणाली.

"परवा पाहणी! अंगणात धोंडे, कठड्यावर कोबी! साहेब मला याच ढिगाखाली पुरतील!"

तेवढ्यात मागच्या वाटेने आजी आली. हातात छोटे स्टूल, डोक्याला लोकरी टोपी. तिने ढिगाभोवती एक चक्कर मारली. एक धोंडा थोपटला, दुसऱ्याला नख लावून पाहिले, आणि एक काळा तुळतुळीत धोंडा उचलायला वाकली.

"गुआन आजी, तो नोंदलेला धोंडा आहे!" छीकाका ओरडले. "सात नंबरचा! माझा!"

"तुझा आहे म्हणूनच चांगला आहे रे. मुद्दाम शोधून आणलास ना? दिसतंय," आजी म्हणाली. मग बाईंकडे वळली. "तुम्ही तोंड का पाडून बसलाय? आयुष्यात पहिल्यांदा समितीनं शहाणपणाचं काम केलंय. कोबी वाळलाय, धोंडे आलेत. रांजण आणा की! का त्यालाही वरून पत्र यावं लागतं?"

लुआनबाईंनी ढिगाकडे पाहिले. मग कठड्यांकडे. मग आजीकडे.

"गुआन आजी," त्या हळूच म्हणाल्या, "जरा परत बोला."

अर्ध्या तासात 'सुसंस्कृत वस्ती' खाली उतरली आणि त्याच कापडाच्या पाठीवर 'आंबट कोबी, गोड शेजार' असे रंगवून झाले. हेतू सापडला होता. सर्व इमारतींनी मिळून एक आदर्श रांजण भरायचा आणि शेजारधर्म वाढवायचा. बाईंना एकदम वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे वाटू लागले. त्या म्हणाल्या, आता कोबी हलवायचा नाही. उलट ओळीत, डोकी पूर्वेला करून मांडायचा. फाटकातून आत येताच साहेबांना दिसला पाहिजे. आणि फाटकासमोरचा कठडा म्हणजे तीन नंबरचा, आजीचा.

सगळे तिकडे गेले. कठड्यावर काही नव्हते. खाली चार सुकलेली पाने पडली होती आणि त्यांत छीकाकांचा बोका बसला होता.

आजीने कठड्यावरून हात फिरवला, जणू गड्डे तिथे असून फक्त दिसत नसावेत. युतोंगच्या मनात एकदम काहीतरी चमकले. तिने मोबाइल काढला आणि दागांगच्या नावावर बोट ठेवले. गुरुवारचा मेसेज तिथे होता. 'उघड्यावरचा सर्व कोबी रविवारपर्यंत हलवणे.' त्याखाली दागांगचा आज पहाटेचा फोटो: टेम्पो, त्यावर जाळी, जाळीखाली आजीचे गड्डे. आणि दोन शब्द: 'काम फत्ते.'

तिने फोन लावला. "दादा! कोबी कुठाय?"

"गावात वाटला. तुम्हाला नको होता ना?"

"कोण म्हणालं नको होता?"

"तूच लिहिलंस, गाडी येऊन उचलून नेईल. घरात गाडी माझ्याकडेच आहे, म्हटलं मलाच सांगतेय."

"अरे, मग एकदा विचारायचंस तरी!"

"कारण विचारू नये असंही लिहिलं होतंस," दागांग दुखावल्या आवाजात म्हणाला. "सगळं गाव आजीला दुवा देतंय इथे. काय सुरेख गड्डे होते म्हणतात."

म्हणजे सबंध वस्तीत कोबी हलवायचा आदेश बरोबर एका माणसाला पोचला होता, आणि त्याने तो तंतोतंत पाळला होता. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणे म्हणजे काय, ते युतोंगला त्या क्षणी नीट समजले. आजी ओरडली असती तर बरे झाले असते. ती स्टूल टाकून रिकाम्या कठड्यासमोर बसली आणि टोपी कानांवर ओढून घेतली. युतोंगला रडूच आले.

"आजी, मी बाजारातून आणते. आत्ता जाते."

"आता बाजारात राहिलेत ते गड्डे? पाण्यानं फुगलेले," आजी म्हणाली. "जाऊ दे. यंदाही दुकानातलाच."

अशा वेळी माणसाला थोडे थांबायचे भान असावे. लुआनबाईंना ते नव्हते, कारण परवा सोमवार होता. वस्तीत बाकी सगळ्यांकडे प्लास्टिकची पिंपे होती. मातीचा, बाहेरून चकाकणारा, फोटोत आदर्श दिसेल असा रांजण एकट्या आजीकडे होता.

"गुआन आजी, मी काय म्हणते," बाई उकिडव्या बसल्या, "तुमचा तो रांजण रिकामाच आहे ना आता?"

युतोंगला वाटले, आजी स्टूल फेकून मारणार. आजीने टोपी कानांवरून मागे सरकवली.

"रांजण माझा," ती म्हणाली. "मीठ माझ्या हातचं. धोंडा तो काळा, सात नंबरचा."

"पण तो..." छीकाका म्हणाले.

"आणि दर इमारतीमागे चांगल्यातले दोन गड्डे. मी निवडणार. तुमच्या सतरा प्रमुखांनी फक्त कोबी धरायचा आणि तोंड मिटायचं. कबूल?"

"कबूल!"

रविवारचा दिवस वस्तीत वेगळाच गेला. आजी इमारती-इमारतींतून फिरली, गड्डे दाबले, हुंगले, नाकारले. बारा नंबरचे गड्डे तिने तीनदा परत पाठवले. चौथ्यांदा त्या इमारतीतल्या बायका स्वतः खाली आल्या आणि भांडता भांडता पाने सोलायला बसल्या. मिठावरून वाद झाला. एकीची सासू म्हणे उकळते पाणी घाला, दुसरीची आई म्हणे थंडच. आजीने दोघींच्याही सासू-आयांची अक्कल काढली. दुपारपर्यंत रांजणाभोवती स्टुलांचे कडे जमले होते आणि एकमेकींची नावे माहीत नसलेल्या बायका एकमेकींच्या नवऱ्यांचे दोष सांगू लागल्या होत्या. समितीने शेजारधर्मावर आजवर चौदा कार्यक्रम केले होते. त्यांत एवढे बोलणे झाल्याचे युतोंगला कोणी सांगितले नव्हते. वर छीकाकांचा काळा धोंडा बसला. छीकाकांनी तो स्वतःच ठेवला, पातळी तपासून.

सोमवारी शांगसाहेब आले. लांब काळा कोट, मागे फोटोवाला. फाटकातून आत येताच ते थबकले.

"हे काय आहे?"

"तुमच्याच आदेशानुसार साहेब," लुआनबाई म्हणाल्या. "धोंडे."

साहेबांच्या चेहऱ्यावर काहीही हलले नाही. वर चढण्यासाठी हा गुण लागतो, असे युतोंगने मनात टिपले.

"हो. अर्थात," साहेब म्हणाले. "धोंडे. एवढ्या संख्येने प्रतिसाद मिळेल असं वाटलं नव्हतं."

"घरटी एक, साहेब."

"उत्तम. आणि... पुढे?"

"पुढे रांजण, साहेब."

साहेब फलकाखाली उभे राहिले, फोटोवाल्याने रांजणाशेजारी त्यांचे फोटो काढले. इथवर सगळे शिडीसारखे सरळ चालले होते. पण रांजणाचा वास साहेबांच्या नाकात गेला आणि साहेबांमधला साहेब क्षणभर बाजूला झाला. त्यांनी कोटाची बाही वर केली, धोंडा सरकवला, पाण्यात बोट बुडवले आणि चाखले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"तुला कोणी विचारलं?" आजी म्हणाली.

लुआनबाईंनी डोळे मिटले.

"माझी आई मूठभर जास्त घालायची," साहेब म्हणाले.

"मग तिचा कोबी वसंतात खारट लागत असणार. खोटं सांगू नकोस, लागायचा की नाही?"

साहेबांनी विचार केला. तो विचार करताना ते कोणाच्या वरचेही दिसत नव्हते आणि खालचेही. "लागायचा," ते म्हणाले. मग त्यांना फोटोवाला दिसला आणि त्यांनी बाही खाली घेतली. "ठीक आहे. चांगला उपक्रम. आता मोठ्या हिवाळसणापर्यंत याला कोणी हात लावू नये."

हिवाळसण, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, अजून महिनाभर लांब होता आणि ते सहज म्हणाले. पण आपल्याकडे साहेब सहज काही म्हणत नसतात. मोटार फाटकाबाहेर पडायच्या आत रांजणाभोवती दोरी बांधली गेली, ग्रुपवर मेसेज गेला, सतरा वेळा प्राप्त झाला आणि छीकाका दंडावर लाल पट्टी बांधून पहाऱ्याला उभे राहिले. बाकीचे धोंडे परत न्यायला सांगितले, तेव्हा नवाच तमाशा झाला. आणताना प्रत्येकाने हाताला लागला तो आणला होता. नेताना प्रत्येकाला आठवले की आपला सर्वांत चांगला होता. सिंहाचे मुंडके न्यायला चौघे भांडले.

चार दिवसांनी आजी पळी आणि वाटी घेऊन दोरीपाशी गेली.

"आजी, आदेश आहे," छीकाका म्हणाले. "हात लावायचा नाही."

"वरचा फेस काढायचाय. नाहीतर बुरशी धरेल."

"आदेश म्हणजे आदेश."

"आदेशाला बुरशी धरत नाही रे मेल्या, कोबीला धरते!"

छीकाकांनी फाटकाकडे पाहिले. "मी तिकडे तोंड करून उभा राहतो," ते म्हणाले. "पाठीनं बघावं असं काही आदेशात लिहिलेलं नाही."

मग हे रोजचेच झाले. आजी फेस काढायची, काका पाठ करायचे, आणि पाठमोरेच कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे. बारा नंबरच्या बायका आपापली स्टुले घेऊन यायच्या आणि दोरीच्या बाहेर बसून आजीला सल्ले द्यायच्या, आजी ते धुडकावून लावायची. रात्री जेवताना आजी आता जुन्या चाळीची नावे घेत नव्हती. बारा नंबरमधल्या कोणाची सून कशी आहे ते सांगत होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला युतोंगचा सराव संपला. तिच्या कागदावर लाल गोल शिक्का बसला आणि शेऱ्याच्या जागी लुआनबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले: 'वरिष्ठांचा हेतू वरिष्ठांच्याही आधी ओळखण्याची दुर्मीळ क्षमता.' प्राध्यापकांनी हा शेरा वर्गात वाचून दाखवला आणि बाकीच्यांनी तिचा आदर्श घ्यावा असे सांगितले. युतोंगने मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

मोठा हिवाळसण आला त्या दिवशी उणे वीसची थंडी होती. आजीने दोरी स्वतःच सोडली, धोंडा बाजूला केला आणि पहिला गड्डा वर काढला. पिवळाधमक, कडेला काचेसारखा. आंबट वास अंगणभर पसरला आणि रांजणापासून फाटकापर्यंत भांडी घेऊन रांग लागली. कोणी मेसेज पाठवला नव्हता.

युतोंग कोबी कापून देत होती आणि लुआनबाई बाजूला उभ्या राहून फोटो काढत होत्या. रांग अर्धी सरली तेव्हा एकदम बाईंचा हात खाली आला.

"अगं," त्या युतोंगच्या कानात म्हणाल्या, "मागे बघ. बारा नंबरच्या बायकांच्या मागे."

शांगसाहेब उभे होते. काळा कोट नव्हता, मोटार नव्हती. जुने जाकीट होते, कानटोपी होती आणि हातात स्टीलचा डबा होता. बाई धावल्या. "साहेब! तुम्ही रांगेत? या ना पुढे! अहो, सरका जरा, साहेबांना..."

"रांगेतून ये रे बाबा," आजी मान वर न करता म्हणाली. "सगळ्यांना थंडी वाजतेय."

साहेब रांगेतच थांबले. त्यांची पाळी आली तेव्हा नाक लाल झाले होते. आजीने गड्ड्याचे मधले पान तोडून त्यांच्या तोंडासमोर धरले. साहेबांनी ते सावकाश चावून खाल्ले.

"मीठ?" आजीने विचारले.

"बरोबर आहे," साहेब हळूच म्हणाले.

लुआनबाईंनी घाईघाईने मोबाइल वर केला. "साहेब, एक मिनिट हं, तसेच राहा, पान हातात धरा, आजी जरा हसा, वरच्या कार्यालयाला पाठवायला..."

साहेब सवयीने ताठ झाले आणि कॅमेऱ्याकडे वळले. आजीने त्यांच्या हातातला डबा ओढून रांजणावर घेतला.

"फोटो राहू दे," ती म्हणाली. "किती माणसं आहेत घरात, ते सांग."